सर्वश्रेष्ठ गिटारिस्ट आणि राहून गेलेला कॉलम

गेल्या शुक्रवारी कँटीनमध्ये पुन्हा तोच वाद पेटला. जगातला सर्वश्रेष्ठ गिटारिस्ट कोण?

आमच्या टेबलावर ढोबळमानाने तीन पक्ष आहेत. पहिला हेंड्रिक्सवाल्यांचा. हे लोक फार बोलत नाहीत, नुसते हसतात, जणू निकाल आधीच लागलाय. दुसरा एडी व्हॅन हेलनवाल्यांचा. हे हवेत बोटं नाचवून दाखवतात आणि त्यात कुणाचं तरी ताक सांडतं. तिसरा पक्ष डेव्हिड गिलमोरचा, म्हणजे माझा. आम्ही डोळे मिटून "अरे पण फील बघ ना" एवढंच म्हणतो. शुक्रवारी यात एक चौथा आला. नुकताच जॉइन झालेला पोरगा. म्हणाला, "सर, हे सगळे म्हातारे झाले. यांच्यापेक्षा फास्ट वाजवणारी बारा वर्षांची पोरं मी रोज फोनवर बघतो."

जेवण संपलं, वाद संपला नाही. मग आपल्या धंद्यातला कुठलाही सभ्य माणूस जे करेल ते मी केलं. रात्री घरी येऊन एक्सेल उघडलं.

वीस नावं घेतली. कॉलम पाच: तंत्र, नावीन्य, प्रभाव, गोडवा, लाइव्ह. प्रत्येकाला दहापैकी मार्क, प्रत्येक कॉलमला वजन, शेवटी बेरीज. हेंड्रिक्स पहिला आला. ठीक. गिलमोर अकरावा! साहजिकच मला शीटमध्ये काहीतरी गडबड आहे असं वाटलं. म्हणून 'भाव' नावाचा सहावा कॉलम टाकला आणि त्याला तीस टक्के वजन दिलं. गिलमोर दुसरा. आता शीट बरोबर दिसायला लागलं :)

टेस्ट फेल होतेय म्हणून कोड सुधारायचा सोडून टेस्टच बदलणारे लोक मी पाहिलेत, त्यांना चार शब्द सुनावलेतही. आणि रात्री साडेबाराला मी स्वतः तेच करत बसलो होतो.

बरं, हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचंच होतं असं नाही. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ साली सर्वश्रेष्ठ शंभर गिटारवादकांची यादी छापली, मग २०११ मध्ये गिटारवादक आणि जाणकारांचं पॅनल बसवून नवी केली, आणि २०२३ मध्ये अडीचशे जणांची आणखी एक. तिन्हीत पहिला हेंड्रिक्स. पण त्याच्या खाली बघा. एडी व्हॅन हेलन २००३ मध्ये सत्तरावा, २०११ मध्ये आठवा, २०२३ मध्ये चौथा. जोनी मिचेल बहात्तराव्या क्रमांकावरून नवव्यावर. आणि सिस्टर रोझेटा थार्प, जी चर्चमधली गाणी इलेक्ट्रिक गिटारवर रॉकसारखी वाजवायची, आणि तेही रॉक या शब्दाला आजचा अर्थ येण्याआधी, ती २००३ च्या यादीत नव्हतीच. २०२३ मध्ये थेट सहावी.

ही बाई १९७३ साली गेली. २००३ आणि २०२३ च्या मध्ये तिने एकही नवा सूर वाजवलेला नाही. म्हणजे इनपुट तेच आणि आउटपुट बदललं. अशा वेळी आपण काय म्हणतो? फंक्शनमध्ये बघा. बदलले ते ऐकणारे. यादी गिटारिस्टांची म्हणून छापतात, पण मोजलं जातं ते यादी करणाऱ्यांचं त्या त्या वर्षाचं डोकं.

तुम्ही म्हणाल, मग काय, सगळे सारखेच? ज्याला जो आवडेल तो श्रेष्ठ? नाही हो. एवढी गुळगुळीत भूमिका मला पटत नाही. चार्ली ख्रिश्चनचं बघा. १९३९ साली हा बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला. त्याच्या आधी मोठ्या बँडमध्ये गिटार म्हणजे मागे बसून ताल धरणारं वाद्य, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या आवाजात ते कुणाला ऐकूही यायचं नाही. याने ते अ‍ॅम्पला जोडलं आणि सॅक्सोफोनसारख्या लांब ओळी त्यावर वाजवल्या. १९४२ मध्ये क्षयाने गेला, वय वर्षं पंचवीस. जेमतेम तीन वर्षं. पण त्या तीन वर्षांच्या आधीची गिटार आणि नंतरची गिटार ही दोन वेगळी वाद्यं आहेत. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, झालेली गोष्ट आहे. तेव्हा मोठेपण खरं असतं. खोटा असतो तो त्याच्या शेजारी लिहिलेला अनुक्रमांक.

आता त्या नव्या पोराच्या मुद्द्याकडे येऊ, कारण तो मुद्दा वाटतो तितका पोरकट नाही. व्हॅन हेलनचा 'इरप्शन' १९७८ साली आला. पावणेदोन मिनिटांच्या आत संपतो. तेव्हा लोकांना कळेना की हे एका माणसाने वाजवलंय कसं. आज शाळकरी मुलं तो वाजवतात. तंत्र हाच निकष धरला तर सर्वश्रेष्ठ गिटारिस्ट हा कायम आज क्लासला जाणारा कुणीतरी असणार, आणि उद्या त्याचीही गादी जाणार. बरं, "पण एडीने ते पहिल्यांदा केलं" म्हणावं, तर दोन्ही हातांनी फ्रेटबोर्डवर टॅप करणं जेनेसिसचा स्टीव्ह हॅकेट १९७१ मध्येच करत होता. 'पहिला' शोधायला गेलं की त्याच्या आधीचा एक निघतोच.

असो. तर शनिवारी सकाळी मी ते शीट माझ्या कॉलेजच्या मित्राला पाठवलं. आमचा कॉलेजात एक बँड होता. मी लीड, हा ऱ्हिदम. म्हणजे सोलो माझे, आणि मागे कॉर्ड धरून ठेवायचं काम त्याचं. त्याचं उत्तर एका ओळीत आलं. "ऱ्हिदमचा कॉलम कुठाय?"

मी फोन लावला. म्हटलं, अरे ऱ्हिदम काय, ते तंत्रात आलंच की. तो हसला. म्हणाला, "गॅदरिंग आठवतंय का तुला?"

न आठवून कसं चालेल? शेवटच्या वर्षाचं गॅदरिंग, हॉल भरलेला, आणि आम्ही 'हॉटेल कॅलिफोर्निया' घेतलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या गाण्याच्या शेवटी दोन गिटारांचा लांबलचक सोलो आहे. मूळ रेकॉर्डवर तो डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांनी वाजवलाय. खाली आठ कॉर्डचं एक चक्र फिरत राहतं आणि वर सोलो चालतो. आमच्याकडे लीड एकच, त्यामुळे दोघांचं मिळून मीच वाजवायचो. त्या दिवशी शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या, नंतर आठवडाभर लोक थांबवून "काय वाजवलंस यार" म्हणत होते. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्यांवर मी पुढची दोन-तीन वर्षं काढली आहेत.

मित्र म्हणाला, "तू सोलोच्या मध्येच दोन बार खाल्लेस. घाबरला होतास. मी चालू कॉर्ड सोडून तू होतास तिथे उडी मारली, आणि ड्रमवाल्याला मानेने खूण केली. तो आला, बेसवाला आला. नाहीतर तू एका कॉर्डवर आणि आम्ही दुसऱ्या."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे खरंच माहीत नव्हतं! इतकी वर्षं माझ्या आठवणीत तो सोलो स्वच्छ होता. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललास? तो म्हणाला, "सांगायचं काय त्यात? कुणाला कळलं नाही म्हणजे काम झालं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ते शीट बघत बसलो. वीस नावांत एकही निव्वळ ऱ्हिदमवाला नव्हता.

फ्रेडी ग्रीन नव्हता. काउंट बेसीच्या बँडमध्ये हा १९३७ साली बसला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच होता. बेसी स्वतः त्याच्या तीन वर्षं आधी गेला. या पन्नास वर्षांत त्याने सोलो जवळजवळ घेतलाच नाही. साधी अकूस्टिक गिटार, प्रत्येक ठोक्याला एक कॉर्ड. रेकॉर्ड ऐकताना ती गिटार वेगळी काढून ऐकायला गेलात तर सहज सापडत नाही. पण तो बँड ज्या झोकात चालतो, त्या झोकात ती आहे.

माल्कम यंग नव्हता. एसी/डीसी म्हटलं की शाळेचा गणवेश घालून स्टेजभर पळणारा अँगस डोळ्यांसमोर येतो. त्याचा थोरला भाऊ माल्कम मागे, अ‍ॅम्पजवळ. गिटारवरचे जादाचे पिकअप काढून टाकून एकच ठेवलेला. 'बॅक इन ब्लॅक' ज्याच्यावर उभं आहे ते मागचं काम त्याचं. २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे त्याला बँड सोडावा लागला, तेव्हा त्याच्या जागी आणला तो घरातलाच पुतण्या, स्टीव्ही. माल्कमसारखं धरून ठेवणारा माणूस हवा होता.

आणि आपल्याकडचंच बघा ना. 'चुरा लिया है'च्या सुरुवातीला ग्लासचा तो आवाज होतो आणि मागोमाग गिटार येते. ती भूपिंदर सिंग यांची. 'दम मारो दम'मधलीही त्यांचीच. गझलगायक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण कॅसेटच्या कव्हरवर गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं असायची, त्यामुळे ती गिटार वर्षानुवर्षं नुसती 'आरडीची' राहिली. 'कॉल ऑफ द व्हॅली'चंही तेच. ही रेकॉर्ड १९६७ ची, म्हणजे हेंड्रिक्सचा पहिला अल्बम आला त्याच वर्षीची. आमच्या घरी तिची कॅसेट अक्षरशः झिजेपर्यंत वाजली. त्यात संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत. आणि गिटार? गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून धातूची कांडी सरकवत तिच्यातून मींड काढणारे ते पंडित ब्रिजभूषण काबरा. माझ्या शीटमधल्या कुठल्या कॉलममध्ये त्यांना बसवू?

तर माझं मत आता असं झालंय. "कोण सर्वात भारी वाजवतो" हा प्रश्न विचारला की आपोआप पुढे उभा असलेलाच माणूस दिसतो, कारण सोलो ऐकू येतो आणि आधार ऐकू येत नाही. त्यापेक्षा आपल्या धंद्यातला साधा प्रश्न विचारावा: हा माणूस काढून टाकला तर काय काय कोसळेल? चार्ली ख्रिश्चन काढा, पुढची सगळी इलेक्ट्रिक गिटार डळमळते. रोझेटा थार्प काढा, रॉक अँड रोलच्या पायातली एक वीट निघते. फ्रेडी ग्रीन काढा, बेसीचा बँड चालेल, पण लंगडत.

आणि हेंड्रिक्स? गंमत म्हणजे या परीक्षेतही तो माझ्या लेखी वरच राहतो, फक्त कारण बदललं. पेटवलेली गिटार, दातांनी वाजवणं, हे सगळं विसरा. 'लिटल विंग' ऐका. अडीच मिनिटांहून कमी. त्यात कॉर्ड कुठे संपतात आणि सोलो कुठे सुरू होतो ते सांगून दाखवा. एकाच हातात दोघं आहेत, पुढचाही आणि मागचाही. हे आकाशातून पडलं नव्हतं. नाव होण्याआधी हा माणूस आयस्ली ब्रदर्स आणि लिटल रिचर्डच्या मागे उभा राहून ऱ्हिदम वाजवत होता.

यावर आमच्या टेबलावरचा व्हॅन हेलन पक्ष नक्की म्हणणार की ही सगळी पळवाट आहे, शेवटी एक नंबर हेंड्रिक्सलाच दिलास ना? दिला. वाद बंद करा असं माझं म्हणणंच नाही. वाद घालावाच, त्या निमित्ताने माणूस चार नव्या रेकॉर्ड ऐकतो. मी या वीकेंडला बेसीच्या तीन ऐकल्या. फक्त वाद संपल्यावर आकडा खरा मानून घरी घेऊन जाऊ नये.

हे मी एवढ्या पोटतिडकीने लिहितोय त्याला आणखी एक कारण आहे. सोमवारी मला माझ्या टीममधल्या सात जणांची क्रमवारी लावून पाठवायची आहे. ते शीटही तयार आहे, त्यातही पाच कॉलम आणि वजनं आहेत. डेमो देणारा वरती आहे. रात्री-अपरात्री बिल्ड तुटल्यावर कुणालाही न कळवता तो जोडून झोपणारा सहावा आहे. शुक्रवारी दुपारी, कँटीनला जाण्याआधी, मीच ते भरलं होतं.

आज रात्री ते परत उघडणार आहे. या वेळीही मी वजनं बदलणारच आहे, पण निदान कशासाठी बदलतोय ते मला माहीत असेल.

आणि मित्राला सांगितलंय, पुढच्या महिन्यात पुण्याला ये. 'हॉटेल कॅलिफोर्निया' परत घेऊ. या वेळी सोलो तू वाजव, कॉर्ड मी धरतो. तो म्हणाला, "तुला जमेल का?"

प्रश्न रास्त आहे. कालपासून मेट्रोनोम लावून आठ कॉर्डचं ते चक्र वाजवतोय. अजून जमलेलं नाही.