सावलीवरून दात काढू नये

गेल्या उन्हाळ्यात माझे खालचे समोरचे चार दात हलू लागले. वय सत्तरीच्या पुढचं, त्यात मधुमेह, आणि नोकरीच्या काळात मित्रांच्या संगतीनं खर्राही बरीच वर्षं खाल्लेला. म्हणजे दोष कुणाला देण्याची सोय नाही. इथल्याच एका दवाखान्यात गेलो. त्यांनी यंत्रासमोर उभं करून अख्ख्या जबड्याचा एक लांबट फोटो काढला. त्याला ओपीजी म्हणतात. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, या चारही दातांना हाडाचा आधार उरला नाही. काढून टाकू आणि इम्प्लांट बसवू." खर्चाचा आकडा ऐकून ही माझ्याकडे आणि मी फोटोकडे बघत बसलो.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, दुसरं मत घ्या." म्हणून सकाळच्या गाडीनं नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं आधी फोटो पाहिलाच नाही. मिलीमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई घेतली आणि एकेका दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत घालून मोजलं. ती आकडे सांगायची, दुसरी लिहून घ्यायची. मग तोंडात छोटी फिल्म धरून चार-पाच दातांचे वेगळे एक्स-रे काढले.

निकाल गमतीचा निघाला. समोरच्या दातांच्या मुळांभोवती निम्म्याहून जास्त हाड शाबूत होतं. झालं असं होतं की, माझी मान वाकलेली, त्यामुळे ओपीजीत मणक्याची सावली नेमकी समोरच्या दातांवर पडली आणि तिथलं चित्र बिघडलं. उलट ज्या डाव्या दाढेबद्दल कुणी बोललंच नव्हतं, तिच्या जिभेकडच्या बाजूला सळई ९ मिलीमीटर आत गेली! तिकडचं हाड दाढेच्याच सावलीमागे लपलं होतं. ती दाढ शेवटी काढावीच लागली. समोरचे चार दात मात्र खोलवर साफ करून, तारेनं एकमेकांना बांधून ठेवलेत. ते आजही जागेवर आहेत.

शाळेत मी मुलांना झेंड्याच्या खांबाची सावली मोजायला लावायचो. सकाळी लांब, दुपारी आखूड, खांब मात्र तेवढाच. सूर्य कुठे आहे हे विचारात घेतल्याशिवाय सावलीवरून उंची सांगता येत नाही. एक्स-रे ही सावलीच. किरणांचा कोन बदलला की हाडाची कड वर-खाली सरकलेली दिसते. ओपीजीत सगळंच थोडं मोठं दिसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. शिवाय हाडातली साधारण ३० ते ५० टक्के खनिजं गेल्याशिवाय झीज फोटोत नीट दिसतच नाही. म्हणजे फोटो कधी नसलेली झीज दाखवतो, तर कधी असलेली लपवतो.

"मग तो नवा थ्रीडी स्कॅन का नाही काढत?" असं मी तिला विचारलं. त्याला सीबीसीटी म्हणतात. ती म्हणाली, "आजोबा, त्यात दाताच्या चारही बाजू दिसतात हे खरं. पण अगदी पातळ हाड त्यातही निसटतं, धातूच्या टोपीमुळे चित्रावर पट्टे उमटतात, आणि छोट्या फिल्मपेक्षा किरणं कितीतरी जास्त लागतात. इम्प्लांट किंवा मोठी शस्त्रक्रिया करायची असती तर काढला असता. त्यानं आत्ता आपला निर्णय बदलणार नाही."

मला हे शेवटचं वाक्य फार पटलं. यंत्र जितकं महाग तितकं माप खरं, असं आपण धरून चालतो. ओपीजी वाईट नाही. सगळ्या जबड्याचा अंदाज घ्यायला ती उपयोगी आहेच. पण अंदाज वेगळा आणि माप वेगळं. दात काढणं ही परत न फिरणारी गोष्ट, ती नुसत्या अंदाजावर होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून माझ्या वयाच्या मंडळींना आणि घरातल्या धाकट्यांना सांगणं एवढंच. दात काढायचा म्हटलं की तीन गोष्टी नम्रपणे विचारा. हिरडीत सळई घालून मोजलंत का? त्या दाताचा वेगळा छोटा एक्स-रे काढलात का? आणि जुन्या फोटोशी ताडून पाहिलंत का? तिसऱ्या प्रश्नाची जबाबदारी मात्र आपलीच. हाड किती गेलं याइतकंच ते किती वेगानं जातंय हेही महत्त्वाचं, आणि ते एका फोटोत कळत नाही. माझे आधीचे एक्स-रे मी कधीच रद्दीत घातले होते. आता एक फाईल केली आहे.

असो. खर्रा खाणाऱ्यांनी मात्र फोटोची वाट न बघता आजच सोडावा. गेलेलं हाड कुठलंही यंत्र परत आणत नाही.