जगायला निघताय? आधी बीपीच्या गोळ्या पिशवीत टाका

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांना तातडीचं आवाहन



भात झोडून झालं, नागली-वरई घरात आली, मुकादमाने उचलही दिली. आता घरंच्या घरं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, नाशिककडच्या द्राक्षबागांत, शहरांतल्या बांधकामांवर जगायला निघतील. कोणी होळीला परततील, कोणी थेट पावसाच्या तोंडावर. निघण्याआधी तीन गोष्टी ऐका. ज्यांना बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू आहे, त्यांनी पुरेशा गोळ्या घेतल्याशिवाय गाडीत चढू नका. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. आणि गोळीने त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्या.

बीपी हा बसून खाणाऱ्यांचा, जाड माणसांचा आजार, आपण डोंगर चढणारी माणसं, आपल्याला कुठला बीपी, असं आजही पाड्यावर ऐकू येतं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीचा आदिवासी आरोग्यावरचा अहवाल २०१८ मध्ये आला. देशातल्या दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे, असं त्यात नोंदवलं आहे. गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली गेली, तेव्हा सातांतला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला. आपण ज्याला अंगावरून वारं गेलं म्हणतो, तोच हा पक्षाघात. त्यामागचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे उपचाराविना राहिलेला बीपी. कष्टाची कामं करणाऱ्या, अंगाने सडपातळ माणसांनाही तो होतो. तंबाखू, मिश्री, दारू आणि खारट खाणं त्याला हातभार लावतात.

बरं वाटतं, म्हणूनच फसगत होते

बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे गोळी सुटली तरी लगेच काही कळत नाही. त्यात ॲम्लोडिपिन ही सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी अंगातून हळूहळू उतरते. तिचा अंश निम्मा व्हायलाच दीड-दोन दिवस लागतात. म्हणून गोळी सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस बीपी फारसा चढत नाही आणि माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीवाचूनही ठीक आहे.’ पुढच्या आठवड्यात बीपी पुन्हा वर गेलेला असतो. तेव्हा तो मोजायला भट्टीवर कोणी नसतं.

अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. या गोळ्या हृदयावरचा ॲड्रेनॅलिनचा जोर रोखून ठोके कमी करतात. त्या एकाएकी सोडल्या तर दबून राहिलेला जोर उसळतो, आणि ज्यांचं हृदय आधीच आजारी आहे त्यांच्या छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. त्या कमी करायच्याच असतील तर डॉक्टर हळूहळू कमी करतात.

गोळीची सवय लागते, ही भीतीही सोडा. या गोळ्यांची नशा होत नाही. त्या रोज लागतात, कारण बीपी रोज असतो. एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

कोणती गोळी काय करते, कुठे त्रास देते

ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते. हे स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं, ते आत शिरण्याची वाट ही गोळी रोखते. वाहिनी रुंदावली की दाब उतरतो. पण बारीक धमन्या जास्त रुंदावतात, शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत, म्हणून थोडं पाणी झिरपून घोट्याभोवती साठतं आणि संध्याकाळी पाय सुजतात. ‘किडनी गेली’ असं समजून कितीतरी जण इथेच गोळी सोडतात. ही सूज गोळीचीच असेल तर मात्रा कमी करून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन ती उतरवता येते. मात्र चालताना किंवा आडवं पडल्यावर दम लागत असेल, तोंड सुजत असेल, लघवी कमी होत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुरुवातीला डोकं दुखणं, चेहरा गरम वाटणं हे त्रास बहुतेकांचे काही दिवसांत थांबतात. हिरड्या सुजल्या तर तेही सांगा.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या वाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन नावाच्या संप्रेरकाला आवर घालतात. पहिल्या दोन त्याचं काम रोखतात, पुढच्या दोन ते तयारच होऊ देत नाहीत. एनालाप्रिल आणि रॅमिप्रिलमुळे ब्रॅडिकिनिन नावाचं द्रव्य साठून काहींना कोरडा खोकला लागतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर टीबीसाठी थुंकी तपासायचीच, पण त्याच वेळी बीपीची कोणती गोळी चालू आहे तेही सांगा. गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली की हा खोकला सहसा जातो. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर मात्र पुढची गोळी घेऊ नका आणि ताबडतोब दवाखान्यात जा.

हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन या पाण्याच्या गोळ्या. मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी बाहेर टाकून त्या दाब उतरवतात. सकाळी घ्या, म्हणजे रात्री लघवीला उठावं लागणार नाही. त्यांनी सोडियम-पोटॅशियम घसरलं तर गळून जायला होतं, पायात गोळे येतात, म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो. भट्टीच्या उन्हात घाम गाळणाऱ्याने ही गोळी घेताना पाणी पिण्यात कुचराई करू नये. घरात सिकलसेलचं कार्ड असेल तर ते डॉक्टरांना आधीच दाखवा, कारण अंगातलं पाणी आटणं सिकलसेलला बाधतं.

अटेनोलॉलने थकवा येतो, हातपाय गार पडतात. दमा असेल तर धाप वाढू शकते. साखरेचं औषध चालू असेल तर साखर उतरल्यावर होणारी धडधड या गोळीमुळे जाणवत नाही. म्हणून दमा आणि मधुमेह दोन्हीबद्दल डॉक्टरांना सांगा.

हृदयाच्या रुग्णांना आणखी तीन गोळ्या मिळतात. ॲस्पिरिन रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही, पण पोटात रक्तस्राव करू शकते. शौच डांबरासारखं काळं झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. डेंग्यूसारखा ताप असेल तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, आणि ज्याला फक्त बीपी आहे त्याने दुसऱ्याचं पाहून ॲस्पिरिन घेऊ नये. ॲटोर्व्हास्टॅटिन यकृतात तयार होणारं कोलेस्टेरॉल कमी करते. तिने अंग फार दुखून लघवी गडद झाली तर लगेच दाखवा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट बसूनच घ्या, कारण दाब झटकन उतरून चक्कर येते. ‘ताकदीची’ म्हणून विकली जाणारी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घेऊ नका, जीव जाऊ शकतो.

भट्टीवरचे तीन धोके

पहिला धोका वेदनाशामक गोळीचा. दिवसभर विटा वाहून कंबर मोडते, मग दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणलं जातं. या गोळ्या बीपी चढवतात. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल आणि पाण्याची गोळी चालू असताना त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अंगदुखीला काय घ्यावं, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

दुसरा धोका ताकदीसाठी लावलेल्या सलाईनचा. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. कष्टाच्या थकव्यावर पैसे मोजून सलाईन लावून घेऊ नका. सुकट-बोंबील खाण्याआधी पाण्यात भिजवून खारटपणा काढा.

तिसरा धोका जुलाब-उलट्यांचा. अंगातलं पाणी कमी झालं असताना टेल्मिसार्टन, एनालाप्रिल आणि पाण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधू शकतात. त्या चालू ठेवायच्या की एक-दोन दिवस थांबवायच्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मीठ कमी करायला सांगितलंय म्हणून जुलाबात ओआरएस टाळू नका.

पोटुशी बाई आणि बीपी

टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक आहेत. पाळी चुकली की लगेच आशाताईंना सांगा. गोळी नुसती सोडून बसू नका, त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देता येतं. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणं, तोंडावर सूज ही झटके येण्याआधीची लक्षणं असू शकतात. त्या बाईला भट्टीवर ठेवू नका, लगेच रुग्णालयात न्या.

आता काय करायचं

येत्या आठ दिवसांत उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने बीपी मोजून घ्यावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे असेल तर पुन्हा मोजून घ्या आणि डॉक्टरांना भेटा. बाहेर जाणार आहोत, किती महिने, हे स्पष्ट सांगून जमेल तेवढ्या दिवसांच्या गोळ्या मागा. कार्डाचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे भिवंडीत किंवा वसईत सरकारी दवाखान्यात तीच गोळी मागता येईल.

आरोग्य कर्मचाऱ्यांना विनंती आहे, की स्थलांतर करणाऱ्या माणसाला महिनाभराचं पाकीट देऊन ‘परत या’ म्हणू नका. तो परत येऊ शकत नाही. मुकादम आणि भट्टीमालकांनो, कामावर सावली आणि पाणी द्या, आणि महिन्यातून एक दिवस दवाखान्यात जाणाऱ्याची मजुरी कापू नका. औषध दुकानदारांनो, वेदनाशामक देण्याआधी बीपीचा प्रश्न विचारा. भगतांनाही हात जोडून सांगणं आहे. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, तुमचा उपाय करा, पण गोळी थांबवायला सांगू नका.

तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, किंवा छातीत दाब येऊन घाम फुटला, तर १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही डोक्याचा सीटी स्कॅन करून. ज्या पाड्यावरून पेशंटला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणावं लागतं, तिथे हे तास वाटेतच संपतात. म्हणून आपल्याकडे वारं जाण्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ते जाऊच न देणं, आणि ते काम रोजची गोळी करते. शिकलेल्या पोरांनो, आज रात्री हे आवाहन घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा, त्यांच्या गोळ्या मोजा, आणि कमी असतील तर उद्या सकाळी त्यांना घेऊन उपकेंद्राची वाट धरा.