आरक्षण संपलं, वहिनी!

गेल्या शनिवारी गावी, अंथुर्ण्याला गेलो होतो. चहा पिता पिता राजकारण निघालं आणि माझा एक मित्र (तोही आयटीवालाच) नेहमीचं वाक्य बोलला, "बायकांचं आरक्षण म्हणजे नुसता देखावा. कारभार नवराच करतो."

खोटं नाही ते. माझी आत्या दुसऱ्या एका गावात अशीच सरपंच झाली. पहिली दोन वर्षं मामा सांगतील तिथे सही. तिसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीचं बिल आलं, तेव्हा म्हणाली, "आधी वाचून दाखवा." चौथ्या वर्षी ती ग्रामसेवकाला हिशेब विचारत होती! मुदत संपली, सोडतीत पद खुलं झालं आणि पॅनेलवाल्यांनी तिला साधं विचारलंही नाही. "आरक्षण संपलं, वहिनी."

आता मला सांगा, आपल्या पहिल्या प्रोजेक्टवर काय होतं? माझा अर्धा कोड सीनियरने लिहिला, नाव माझं. मला कुणी डमी म्हटलं नाही, फ्रेशर म्हटलं. आणि काम शिकल्यावर घरीही पाठवलं नाही.

दुसरं लाडकं वाक्य, "मेरिट असेल तर येतील की निवडून." बारामती तालुक्यातल्या निंबुतला 1963 साली सगळ्या बायकांची ग्रामपंचायत होती. जळगावकडे विटनेरला 1989 साली. म्हणजे मेरिट होतंच, पण अपवाद हे अपवादच राहिले. 1993 साली 73वी घटनादुरुस्ती लागू होऊन एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या, तेव्हा कुठे गावोगाव बायका खुर्चीवर दिसायला लागल्या. फरकही पडतो. बंगाल-राजस्थानातल्या पंचायतींवरचा चट्टोपाध्याय आणि दुफ्लो यांचा 2004 चा अभ्यास सांगतो की बाई प्रमुख असली की पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च होतो. हंडा कोण वाहतं, हे ठाऊक असलेल्याला यात नवल नाही.

उलट, आरक्षणाविना झालेली 2024 ची विधानसभा बघा. 288 आमदारांत बायका पंचवीससुद्धा नाहीत! संसदेत विधेयक आलं 1996 साली, मंजूर झालं 2023 साली, तेही जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट घालून.

तेव्हा मित्रहो, बग आरक्षणात नाही. दर पाच वर्षांनी जागा फिरते आणि शिकलेली बाई घरी बसते, बग तिथे आहे. राखीव जागा निदान दोन मुदती तरी टिकू द्या.

आणि पुढच्या वेळी खुल्या जागेवर एखादी माजी सरपंच उभी राहिली तर वीकेंड नसला तरी रजा टाकून गावी जा. मी जाणार आहे.