आर.ए. पॉझिटिव्ह म्हणजे आमवात नव्हे

गुडघे दुखले, बोटं आखडली, अंग मोडून आलं की हल्ली लोक थेट लॅब गाठतात. ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाचं पॅकेज होतं. रिपोर्टवर आर.ए. फॅक्टर किंवा एएनएसमोर ठळक अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ येतं आणि घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. लग्न ठरलेल्या मुलीचा रिपोर्ट असेल तर विचारूच नका. म्हणून स्पष्ट लिहितो: सांधे न तपासता ही टेस्ट लिहिणं चूक आहे आणि नुसता कागद बघून औषध सुरू करणं ही त्याहून मोठी चूक आहे.

आपलं शरीर जंतूंशी लढायला अँटीबॉडी तयार करतं. काही अँटीबॉडी मात्र आपल्याच शरीरातल्या घटकांविरुद्ध बनतात. आर.ए. फॅक्टर आणि एएनए या त्यातल्याच. पण त्या रक्तात सापडल्या म्हणजे सांधे किंवा किडनी बिघडत आहेत, असं होत नाही. निरोगी माणसांतही साधारण ५ टक्के लोकांचा आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह असतो. उतारवयात त्याहून जास्त. क्षयरोग, हिपॅटायटिस सी यांसारख्या रेंगाळणाऱ्या संसर्गातही तो वाढतो. एएनएचं तर विचारायलाच नको. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १:४० या पातळीला सुमारे ३२ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह निघाली, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के.

आता आपल्या इंदापूर तालुक्याचेच आकडे बघा. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने भिगवणमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमातलं हे काम होतं. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांना, सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं. खरा आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, फक्त ०.५ टक्के लोकांना होता.

याचा हिशोब मांडू. १००० प्रौढांत आमवाताचे रुग्ण ५. त्यातल्या साधारण चौघांचा आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह येईल. उरले ९९५, त्यांचे ५ टक्के म्हणजे सुमारे ५०. म्हणजे सगळ्यांची टेस्ट केली तर ५४ पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी ५० जणांना आमवात नसेलच! फक्त दुखणं असलेल्या १८० जणांची केली, तरी चार खऱ्यांमागे नऊ फुकटचे घाबरतील. पॅकेज विकताना हा हिशोब कोणी सांगत नाही.

“पण डॉक्टर, आजार लवकर सापडलेला बरा ना?” बरोबर, आमवात लवकरच सापडायला हवा. पण तो सापडतो हात लावून तपासल्यावर. बोटांचे, मनगटाचे सांधे सुजलेत का? सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास मूठ वळत नाही का? हे सहा आठवड्यांहून जास्त चाललंय का? नुकताच चिकनगुनिया होऊन गेलाय का? कारण त्याचे सांधेही महिनोन्महिने दुखतात. ल्युपससाठी उन्हात चेहऱ्यावर येणारं लाल चट्टं, तोंडातले फोड, पायावर सूज, फेसाळ लघवी हे विचारावं लागतं. या प्रश्नांनंतर संशय आला, तर टेस्ट जरूर करावी. तेव्हाच तिला अर्थ असतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आमवाताच्या २० ते ३० टक्के रुग्णांत आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह असतो. बोटं सुजलेल्या बाईला “रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा” म्हणून परत पाठवलं, तर औषधाचे मोलाचे महिने वाया जातात आणि सांधे वाकडे होतात.

यात नुकसान नुसतं पैशांचं नाही. कागद बघून सुरू केलेल्या स्टेरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं आणि गरोदरपणात ते बाळाला घातक आहे. खऱ्या आमवातात हेच औषध सांधे वाचवतं. पण आजारच नसेल, तर ते घेऊन मिळतो तो फक्त धोका.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो: पेशंटने आग्रह धरला म्हणून टेस्ट लिहू नका. “आत्ता गरज नाही” हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती देणं आपलं काम आहे.

पेशंटनी एवढं करावं. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आला तर घाबरू नका आणि तो लपवूही नका. दर तीन महिन्यांनी तीच टेस्ट परत करू नका. औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका. स्टेरॉइड तर अचानक थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टरांना विचारा, “माझे सांधे तपासून तुम्हाला काय वाटतं?” सांध्यांना हात न लावताच उत्तर मिळालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे.