मॅटच्या कडेला कोण होतं?

१५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या फोटोला हार घातला की झालं. भाषण ठरलेलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हेलसिंकी १९५२, ब्राँझ. पुढचं थेट १९९६ ला, लिएंडर पेसचं. टाळ्या, मग चहा.

पण कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान हेलसिंकीत हरले कसे, ते कुणी सांगत नाही. मला वाटतं, आपल्या कामाचं तेच आहे.

१९४८ ला ते लंडनला गेले तेव्हा अंगात सगळी मातीतली कुस्ती. मॅट नवी, आंतरराष्ट्रीय नियम नवे. तरी सहावे आले. हेलसिंकीच्या वेळी पैशाची बोंब. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. (हे वाचल्यापासून मी आपल्या प्राचार्यांकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतो. सर, हलकेच घ्या!)

तिथे कॅनडाचा आणि मेक्सिकोचा मल्ल त्यांनी लोळवला. मग एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं राहायला सांगितलं. नियमाने मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती. पण ती मागायची कोणी? भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. मामेदबेकोवला रौप्य मिळालं, सुवर्ण जपानच्या इशीने नेलं.

म्हणजे घर गहाण टाकणारा माणूस होता, मिरवणुकीला बैलगाड्या होत्या, फक्त मॅटच्या कडेला नियमाचं पुस्तक घेऊन उभा राहणारा नव्हता. पुढे १९५५ ला ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले, गुडघ्याने पुढचं ऑलिंपिक हुकलं, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

आता आपलं बघा. गेल्या सीझनला आमची कबड्डीची टीम झोनलला गेली. शेवटच्या मिनिटाला बोनसवरून वाद झाला. रेफ्री म्हणाला, "मॅनेजर कोण?" आम्ही बारा जण एकमेकांच्या तोंडाकडे! सबमिशनच्या धांदलीत बरोबर कुणी आलंच नव्हतं. एका पॉइंटने गेलो. ऑलिंपिक नव्हतं, मान्य. पण रात्री फलटणला परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.

प्रत्येक वेळी सरांनीच यावं असंही नाही. ज्याला खेळता येत नाही पण वाद घालता येतो असा एकेक नग प्रत्येक विंगमध्ये आहे. त्याला नियम पाठ करायला लावा, अटेंडन्स द्या. आपल्याच तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी करून आला, म्हणजे इथून माणसं जातात. यंदा झोनलच्या गाडीत तेरावी सीट कुणाची, हे जिमखान्याने नोटीस बोर्डावर लावावं. सबमिशनच्या आधी.