फोर-बाय-फोर आणि पेठेतलं वळण

आमच्या सदाशिव पेठेत हल्ली फोर-बाय-फोर जीपा फार दिसायला लागल्यात. पेठेत चिखल नाही, वाळू नाही. डोंगर म्हणाल तर जवळची पर्वती, आणि तिलाही पायऱ्या आहेत! असो, हौसेला मोल नसतं. माझी तक्रार वेगळी आहे.

रविवारी ही मंडळी ताम्हिणीकडे चिखल तुडवायला जातात आणि परत येताना गिअरशेजारचा छोटा दांडा फोर-एचवरच राहतो. मग पेरुगेटजवळच्या गल्लीत वळताना गाडी अडते. स्टिअरिंग जड होतं, खालून कडकड आवाज येतो, कुणीतरी ब्रेक दाबतंय असे झटके बसतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांना गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं, "डिफरन्शियल गेला." खोललं, तेल बदललं, बिल हातात ठेवलं. पुढच्या रविवारनंतर पुन्हा तेच. शेवटी दांडा टू-एचला घेतला आणि गाडी निमूट वळली. बिघाड नव्हताच!

मित्रांनो, कारण साधं आहे. ओल्या रस्त्यावर सायकल वळवून बघा, दोन रेघा उमटतात आणि पुढच्या चाकाची रेघ बाहेरून जाते. जीपचंही तेच. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर २.४५ मीटर धरा आणि मागचा ॲक्सल ४.५ मीटर त्रिज्येने वळतोय असं समजा. पायथागोरस लावला की पुढच्याची त्रिज्या ५.१२ येते. म्हणजे काटकोनात वळताना मागचा ॲक्सल साधारण ७ मीटर चालतो आणि पुढचा ८. एक अख्खा मीटर फरक!

डावं चाक आणि उजवं चाक यांच्यातला फरक डिफरन्शियल सांभाळतो, हे व्हायवात आपण सगळेच घडाघडा म्हणतो. पण थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत फोर-एच टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते. दोघांनी सारखंच फिरायचं. मग तो एक मीटर जायचा कुठे? चिखलात टायर घसरतो आणि हिशेब आपोआप मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो, म्हणून शाफ्टला पीळ बसत जातो. पीळ अती झाला की एखादं चाक घसरून उडी मारतं, आणि परत पीळ सुरू. हाच तो झटका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण हा पीळ गाडी सरळ थोडी रिव्हर्स घेतली की जातो, आणि अडकलेला दांडाही सुटतो. तसंच दामटत राहिलं तर मात्र टायर झिजतात, शाफ्टचे क्रॉस जातात, ट्रान्सफर केसवर ताण येतो, आणि मग बिल खरं असतं.

(बैलगाडीला हा त्रास कधीच नव्हता. तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात!)

कायम चारही चाकं चालवणाऱ्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत पुढच्या-मागच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल किंवा क्लचचं कपलिंग असतं. तिथे वळताना थरथर आली तर दुर्लक्ष करू नये. कपलिंगचं तेल जुनं झालेलं असतं, किंवा पैसे वाचवायला दोनच टायर नवे घातलेले असतात. तिथे गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवावा.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शोरूममध्ये हार, नारळ, फोटो सगळं होतं, पण दांडा कधी टाकायचा हे सांगायला दोन मिनिटं कुणाकडे नसतात. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये तसंच पडून राहतं. आणि आपण तरी काय करतो? लॅबमधल्या लाल-पिवळ्या रंगवलेल्या डिफरन्शियलसमोर उभं राहून दातांची संख्या लिहून घेतो. ट्रान्सफर केस म्हणजे चार मार्कांची टीप! काकांनी मला विचारलं असतं तर माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी गॅरेजवाल्याचंच उत्तर दिलं असतं, असं मला वाटतं. सरांनी रागावू नये.

म्हणून माझी मागणी आहे की या टर्मला एक प्रॅक्टिकल वर्कशॉपमागच्या पार्किंगमध्ये व्हावं. बादलीभर पाणी टायरवर ओतायचं, गाडी सावकाश वळवायची आणि रेघा टेपने मोजायच्या. त्यासाठी जीपच पाहिजे असं नाही, मारुती ८०० च्याही पुढच्या-मागच्या रेघा वेगळ्याच पडतात. टेप माझ्याकडे आहे. गाडी स्टाफपैकी कुणी द्यावी.