रस्त्याला डोळे हवेत

संध्याकाळी सातनंतर, काहीही काम नसताना, आपल्या गावात बाई कुठं उभी राहू शकते? मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. पुरुषांना पानटपरी आहे, पारावरचा कट्टा आहे, चहाची गाडी आहे. आपल्याला मात्र हातात पिशवी लागते, नाहीतर मुलाचं बोट. रस्ता सगळ्यांचा म्हणायचा, पण आपण त्यावरून फक्त जाऊन यायचं!

2011 साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईला घरात बसवू नका. विनाकारण रेंगाळण्याचाही तिला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी मुंबईत बायकांनी मोफत, स्वच्छ मुतारीसाठी मोहीम सुरू केली. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हा कुठला न्याय?

याच्या पन्नास वर्षं आधी, 1961 मध्ये, न्यूयॉर्कच्या जेन जेकब्ज यांनी शहरांवर एक पुस्तक लिहिलं. त्या तीन मुलांची आई. वास्तुशास्त्राची पदवी नव्हती, पण रोजचा रस्ता नीट पाहिलेला. रस्ता केवळ पोलिसांमुळे सुरक्षित राहत नाही. खिडक्यांतून, दुकानांतून, पायऱ्यांवरून त्यावर माणसांचे डोळे असावे लागतात, असं त्यांनी सांगितलं.

हे आपल्याला नवीन आहे का? जुन्या आळीत ओटे होते, ओसरी होती, घरालाच लागून दुकान होतं. शेंगा फोडता फोडता शाळेतून येणाऱ्या पोरींवर लक्ष राहायचं. रुंदीकरणात ओटे गेले. आता खाली पार्किंग, भोवती उंच कंपाउंड, दाराशी गेट. आत सगळं सुरक्षित, पण बाहेरचा रस्ता आंधळा झाला.

अर्थात ओट्यावरचे डोळे नुसते राखण करत नव्हते, पाळतही ठेवत होते. ‘एवढ्या उशिरा कुठं गं?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनीच ऐकलाय. म्हणून बघणारे डोळे पुरेसे नाहीत, रस्त्यावर आपणही दिसायला हव्यात. एकटी उभी राहिली तर चर्चा होते; रोज वीसजणी बसल्या की तो बायकांचा कट्टा होतो.

यासाठी बसायला बाक, पुरेसे दिवे, चालायला फुटपाथ आणि बाजारात स्वच्छतागृह हवं. त्यातल्या बागेची, बाजाराची, स्वच्छतागृहाची जागा गावाच्या विकास आराखड्यात ठरते. 1966 च्या नगररचना कायद्यानं आराखड्याचा मसुदा जाहीर करून लोकांच्या हरकती मागवणं बंधनकारक आहे. मुंबईचा मसुदा 2015 मध्ये अशाच हजारो हरकतींनंतर नव्यानं करावा लागला. तेव्हा महिला संघटनांनीही आपल्या मागण्या मांडल्या होत्या.

आपल्या नगरपालिकांत 2011 पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आपल्या नगरसेविकेला एवढंच विचारा, ‘ताई, आराखड्यात आमची बसायची जागा कुठं आहे?’ आणि पुढचा मसुदा जाहीर झाला की महिला मंडळातर्फे मुदतीत लेखी हरकत द्या. साध्या कागदावरचा अर्जही चालतो.